दोनदा तोंडावर आपटल्यावर एफबीआय 'अजाईल' शिकली, आपल्या आयटीवाल्यांनी त्यातून काय घ्यायचं?

सप्टेंबर २००१. न्यूयॉर्कचे जुळे टॉवर कोसळले होते आणि एफबीआयचे हजारो लोक विमान पळवणाऱ्यांचा माग काढत होते. संशयितांचे फोटो एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात तातडीनं पोचवायचे होते. अमेरिकेत तोवर शाळकरी पोरंसुद्धा ईमेलवर फोटो पाठवायला लागली होती. पण एफबीआयच्या कॉम्प्युटरवरून फोटो पाठवायची सोयच नव्हती.

मग काय, फोटो कुरियरनं पाठवले.

जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या तपास यंत्रणेची ही अवस्था होती. ती सुधारायला एफबीआयला अकरा वर्षं लागली. या अकरा वर्षांत त्यांचा एक प्रोजेक्ट कचऱ्यात गेला, दुसरा अर्ध्यात अडकला आणि शेवटी एका वेगळ्या पद्धतीनं काम मार्गी लागलं.

त्या पद्धतीचं नाव अजाईल. पुण्यात हिंजवडीत किंवा खराडीत काम करणारा तुमचा एखादा मित्र असेल तर 'स्प्रिंट', 'स्क्रम', 'स्टँडअप' हे शब्द तुम्ही शंभर वेळा ऐकले असतील. ऐकताना त्याच्या चेहऱ्यावरचा वैतागही बघितला असेल. एफबीआयला तारणारी पद्धत आपल्याकडच्या पोरांना डोकेदुखी का वाटते, हाच खरा प्रश्न आहे. तर सुरुवातीपासून बघू.

पहिला प्रयत्न : आठशे पानांची यादी

एफबीआयकडे तेव्हा 'ऑटोमेटेड केस सपोर्ट' नावाची सिस्टिम होती. ती आली १९९५ मध्ये, पण तिचं तंत्रज्ञान सत्तरच्या दशकातलं. काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं. एजंट लोक आधी कागदावर रिपोर्ट करायचे, त्यावर साहेबांची सही घ्यायचे आणि मग तेच सिस्टिममध्ये भरायचे. साहजिकच ती वापरायचा सगळ्यांनाच कंटाळा.

म्हणून २००१ मध्ये नव्या सिस्टिमचं काम निघालं. नाव होतं 'व्हर्च्युअल केस फाईल'. कंत्राट मिळालं एसएआयसी या कंपनीला. काय काय हवंय याची यादी करायला बसले आणि ती यादी आठशे पानांच्या वर गेली. कोणत्या पानावर कोणतं बटण हवं इथपर्यंतचा तपशील त्यात होता.

काम सुरू झाल्यावर एफबीआयच्या मागण्या बदलत राहिल्या. कंपनी कोड लिहीत राहिली, तो सात लाख ओळींच्या वर गेला. प्लॅन असा होता, की एका ठरलेल्या दिवशी जुनी सिस्टिम बंद करायची आणि त्याच दिवशी सगळ्यांनी नवीन वापरायला लागायचं. मागं फिरायची वाट नाही. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं २००४ मध्ये सांगितलं, की हे धोक्याचं आहे, असं करू नका.

तोवर व्हायचं ते झालं होतं. डिसेंबर २००३ मध्ये सॉफ्टवेअर हातात आलं तेव्हा एफबीआयनं त्यात १७ त्रुटी काढल्या. त्या फोडून बघितल्यावर आकडा गेला ५९ वर. वाद लवादाकडे गेला. लवादानं सांगितलं, की ५९ पैकी ४० चुका कंपनीच्या आहेत, उरलेल्या १९ चुका नाहीतच, ते एफबीआयनं मधेच बदललेलं मागणं आहे.

हा १९ चा आकडा लक्षात ठेवा. जवळपास एक तृतीयांश भांडण 'आम्ही हे मागितलंच नव्हतं' आणि 'तुम्ही हेच तर मागितलं होतं' याचं होतं.

२००५ मध्ये सगळा प्रोजेक्ट गुंडाळला. खर्च झाला होता सुमारे १७ कोटी डॉलर.

आता जरा थिअरी, पण थोडीच

एफबीआयनं जे केलं त्याला सॉफ्टवेअरच्या भाषेत 'वॉटरफॉल' म्हणतात. धबधबा. आधी सगळ्या गरजा लिहायच्या, मग डिझाईन, मग कोड, मग टेस्टिंग आणि शेवटी ग्राहकाच्या हातात. पाणी वरून खाली येतं, परत वर जात नाही.

गंमत बघा. या पद्धतीचं चित्र ज्यांच्या नावावर खपवलं जातं त्या विन्स्टन रॉईस यांनी १९७० च्या आपल्या पेपरमध्ये हे चित्र काढून लगेच पुढं सांगितलं होतं, की असं सरळसोट काम करणं जोखमीचं आहे. टेस्टिंग शेवटी होतं आणि खरी अडचण तेव्हाच कळते, असं त्यांचं म्हणणं होतं. लोकांनी चित्र उचललं आणि इशारा वाचलाच नाही.

याच्या उलट पद्धत कळायला शिंप्याकडे जा. चांगला शिंपी माप घेऊन थेट तयार कपडा हातात देत नाही. आधी कच्चे टाके घालून ट्रायलला बोलावतो. खांद्यात ओढतंय का, कमरेत सैल आहे का ते बघतो. कच्चा टाका उसवायला दोन मिनिटं लागतात. पक्की शिलाई उसवायची म्हणजे कापडाचंच नुकसान.

अजाईलची सगळी कल्पना या कच्च्या टाक्यात आली. पूर्ण काम होईपर्यंत थांबायचं नाही. थोडंसं करायचं, पण जे करायचं ते चालणारं करायचं, वापरणाऱ्याला घालून बघायला द्यायचं, त्याचं ऐकायचं आणि पुढचं ठरवायचं.

ही कल्पना एका दिवसात कुणाला सुचली नाही. १९८६ मध्ये हिरोटाका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी होंडा, कॅननसारख्या कंपन्या नवं प्रॉडक्ट कसं बनवतात यावर 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये लेख लिहिला. रिले रेसमध्ये एक जण धावून पुढच्याच्या हातात बॅटन देतो तसं काम करण्यापेक्षा रग्बीच्या टीमसारखं सगळ्यांनी मिळून चेंडू पुढं न्यायचा, असं त्यांचं म्हणणं. 'स्क्रम' हा शब्द तिथून आला. जेफ सदरलँड आणि केन श्वाबर यांनी नव्वदच्या दशकात तो सॉफ्टवेअरमध्ये आणला.

मग फेब्रुवारी २००१ मध्ये युटा राज्यातल्या स्नोबर्ड इथल्या स्की रिसॉर्टमध्ये १७ सॉफ्टवेअरवाले जमले आणि त्यांनी अजाईलचा जाहीरनामा लिहिला. त्याचा मथितार्थ असा : नियम आणि टूलपेक्षा माणसं आणि त्यांचं बोलणं महत्त्वाचं, जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर, कराराच्या कलमांवर भांडण्यापेक्षा ग्राहकाला सोबत घेणं, आणि प्लॅनला चिकटून बसण्यापेक्षा बदल स्वीकारणं.

तारीख परत बघा, फेब्रुवारी २००१. त्यानंतर चारच महिन्यांनी, जूनमध्ये, एफबीआयनं आपल्या पहिल्या प्रोजेक्टचं कंत्राट दिलं होतं.

दुसरा प्रयत्न : शहाणपण आलं, पण अर्धं

२००६ मध्ये एफबीआयनं नवीन प्रोजेक्ट काढला, 'सेंटिनल'. यावेळी कंत्राट गेलं लॉकहीड मार्टिनकडे. आधीच्या चुकीतून धडा घेतला होता. एकदम सगळं न करता चार टप्पे पाडले होते. काम २००९ च्या शेवटी संपणार होतं.

पण टप्पे पाडले म्हणजे अजाईल झालं असं नाही. एकेक टप्पा खूप मोठा होता आणि प्रत्येक टप्प्याच्या आत तोच धबधबा होता. २०१० च्या उन्हाळ्यात हिशोब मांडला तेव्हा ४५.१ कोटी डॉलरच्या बजेटपैकी ४०.५ कोटी संपले होते आणि चारपैकी दोनच टप्पे हातात आले होते. जे आलं होतं त्यावरही एजंट खूश नव्हते.

मायटर या संस्थेनं अंदाज दिला, की हे असंच चालू ठेवलं तर अजून ३५.१ कोटी डॉलर आणि सहा ते आठ वर्षं लागतील.

एफबीआयनं उरलेलं काम थांबवायचा आदेश दिला.

मग तळघरात टीम बसली

सप्टेंबर २०१० मध्ये एफबीआयनं ठरवलं, की सूत्रं आता आपण हातात घ्यायची. कंत्राटदाराची माणसं कमी केली. एफबीआयचे सीआयओ चॅड फुलघम आणि सीटीओ जेफ जॉन्सन यांच्या देखरेखीखाली एक आटोपशीर टीम वॉशिंग्टनच्या मुख्यालयाच्या तळघरात एकत्र बसवली.

कामाची पद्धत अशी होती. सिस्टिमनं काय काय करायला हवं ते ६७० छोट्या गोष्टींमध्ये लिहून काढलं. याला 'यूजर स्टोरी' म्हणतात. स्टोरी म्हणजे 'डेटाबेसमध्ये अमुक टेबल बनवा' असं तांत्रिक काम नाही. 'एजंट म्हणून मला माझा रिपोर्ट साहेबांकडे मंजुरीला ऑनलाईन पाठवता आला पाहिजे', असं वापरणाऱ्याच्या बाजूनं लिहिलेलं एक वाक्य. या सगळ्या वाक्यांची महत्त्वाप्रमाणे लावलेली रांग म्हणजे 'बॅकलॉग'.

मग दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडले, ते 'स्प्रिंट'. प्रत्येक स्प्रिंटच्या सुरुवातीला रांगेतल्या वरच्या काही स्टोरी उचलायच्या, पूर्ण करायच्या आणि शेवटी लोकांसमोर चालवून दाखवायच्या. 'नव्वद टक्के झालंय' हे उत्तर चालत नाही. चालतंय किंवा चालत नाहीये, दोनच पर्याय.

यातून आणखी एक गोष्ट होते. चार-पाच स्प्रिंट झाल्या की टीम दोन आठवड्यांत खरोखर किती काम उपसते ते कळतं. त्याला 'व्हेलॉसिटी' म्हणतात. उरलेलं काम भागिले हा वेग, की उत्तर मिळतं, अजून किती दिवस. हा अंदाज साहेबाच्या इच्छेवर नाही, झालेल्या कामावर उभा असतो.

सेंटिनलही वेळेत झालं का? नाही. सप्टेंबर २०११ ची तारीख ठरली होती, ती हुकली. पण ती कशी हुकली ते बघण्यासारखं आहे.

ऑक्टोबर २०११ मध्ये त्यांनी एक चाचणी घेतली. ७४३ जणांना एकाच वेळी सिस्टिम वापरायला सांगितलं. काही तासांच्या त्या चाचणीत सिस्टिम दोनदा बंद पडली. जुनं हार्डवेअर हा भार पेलू शकत नाही हे समोर आलं. मग नवीन हार्डवेअर आणायचं ठरलं आणि तारीख पुढं ढकलली.

विचार करा, हेच पहिल्या प्रोजेक्टसारखं 'एक दिवस ठरवून सगळ्यांनी चालू करा' असं केलं असतं तर ७४३ लोकांऐवजी एफबीआयच्या ३० हजारांहून जास्त लोकांसमोर सिस्टिम झोपली असती. चूक तीच, पण कच्च्या टाक्यावर सापडली.

१ जुलै २०१२ ला सेंटिनल सगळ्यांसाठी सुरू झालं, तेही ४५.१ कोटी डॉलरच्या बजेटमध्ये.

सगळं गोड गोड झालं असंही नाही. अमेरिकेच्या न्याय विभागाच्या महानिरीक्षकांनी २०१४ मध्ये पाहणी केली. बहुतेक लोक समाधानी होते. पण सर्च हे फीचर नेहमी वापरणाऱ्यांपैकी फक्त ४२ टक्के लोकांना हवं ते बहुतेक वेळा सापडत होतं. पुढच्या दोन वर्षांच्या देखभालीसकट बजेटही तोवर ५५ कोटी डॉलरच्या वर गेलं होतं. अजाईल म्हणजे जादूची कांडी नाही, हे यातून दिसतं.

मग खरा बदल कशात झाला?

एफबीआयच्या गोष्टीतून अनेक जण एवढंच घेतात, की 'दोन आठवड्यांच्या स्प्रिंट लावा, काम होईल.' पण स्प्रिंट हा वरवर दिसणारा भाग आहे. २०१० मध्ये दोन गोष्टी बदलल्या होत्या.

एक, चूक लवकर दिसायला लागली. वर्षांनी नाही, आठवड्यांनी.

दोन, चूक दिसल्यावर दिशा बदलायचा अधिकार काम करणाऱ्यांच्या जवळ आला. आधी एफबीआय आणि कंपनी यांच्या मधे कराराची जाड भिंत होती. काही बदलायचं तर ते कराराबाहेर जातं, मग पैसे वाढवा, मग भांडा, मग लवादाकडे जा. ते १९ मुद्दे आठवतायत ना? नंतर वापरणारे, बनवणारे आणि ठरवणारे जवळजवळ आले.

पहिली गोष्ट आहे आणि दुसरी नाही, असं झालं तर काय होतं? चूक लवकर दिसते आणि तिच्याकडे दर दोन आठवड्यांनी बघत बसावं लागतं. त्यालाच नाटक म्हणतात.

आणि इथं हिंजवडी येते

आपल्याकडच्या आयटीत अजाईल घराघरात पोचलंय. पण कुठल्याही टीममधला रोजचा स्टँडअप ऐका.

"काल त्याच टिकिटवर काम केलं, आजही तेच करणार, नो ब्लॉकर्स."

एकामागोमाग सगळ्यांचं हेच. स्क्रमच्या नियमाप्रमाणे ही मीटिंग १५ मिनिटांची आणि टीमनं एकमेकांशी बोलायची असते. होते काय, की ती मॅनेजरला द्यायची हजेरी बनते आणि पाऊण तास चालते.

यात पोरांचा आळस आहे असं म्हणणं सोपं आहे, पण चुकीचं आहे. कारण धंद्याच्या रचनेत आहे. आपल्याकडच्या बऱ्याच कामाचा ग्राहक सातासमुद्रापार असतो. करार होताना किती फीचर, किती तारखेला, किती पैशांत हे तिन्ही आधीच ठरलेलं असतं. मग बदलायला उरतं काय? स्प्रिंट चालतात, पण रांगेचा क्रम टीमच्या हातात नसतो. प्रत्यक्ष वापरणारा माणूस डेव्हलपरला कधी दिसतच नाही. त्याचं म्हणणं तीन-चार जणांच्या तोंडून फिरून येतं आणि येईपर्यंत त्याचं 'रिक्वायरमेंट' झालेलं असतं.

तारीख, काम आणि पैसा तिन्ही खिळे ठोकून पक्के केले, की अडजस्ट व्हायला एकच गोष्ट उरते, ती म्हणजे माणसाची झोप. एकदा टीमनं रात्री जागून जास्त काम उपसलं, की तोच आकडा पुढच्या वेळी 'तुमची नेहमीची व्हेलॉसिटी' म्हणून धरला जातो. जो आकडा टीमला खरं बोलता यावं म्हणून बनवला होता, तोच टीमवर उगारायचा चाबूक होतो. मग टीमही शहाणी होते आणि अंदाज फुगवून सांगायला लागते. इथं आकड्यांचा अर्थच संपतो.

ही तक्रार फक्त आपली नाही. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या १७ जणांपैकी डेव्ह थॉमस यांनी २०१४ मध्ये 'अजाईल मेलं' अशा मथळ्याचा लेख लिहिला. त्यांचा राग कल्पनेवर नव्हता, तिचा बाजार मांडण्यावर होता. दुसरे सहीवाले रॉन जेफ्रीज यांनी २०१८ मध्ये लिहिलं, की डेव्हलपरवर लादलेल्या या नावापुरत्या अजाईलपासून त्यांनी लांबच राहावं.

नोकऱ्यांवरही परिणाम दिसतोय. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेनं अजाईलसाठीच्या वेगळ्या पदांचा अख्खा विभाग बंद केला. ११०० च्या वर पदं गेली. बँकेचं म्हणणं असं, की ही पद्धत आता इंजिनिअरच्या रोजच्या कामातच मिसळायला हवी. म्हणजे पद्धत नाकारली नाही, फक्त ती चालवून घेण्यासाठी वेगळा माणूस नको असं ठरवलं.

मग शिकायचं की नाही?

शिकायचं, पण काय शिकायचं ते नीट बघून.

दोन दिवसांच्या कोर्समध्ये स्क्रमचे शब्द येतात. सर्टिफिकेट मिळतं, ते रिझ्युमेवर चांगलं दिसतं, पहिल्या इंटरव्ह्यूत थोडा उपयोगही होतो. पण फक्त मीटिंग लावता येणं हे कौशल्य म्हणून किती दिवस टिकेल, हे कॅपिटल वननं दाखवलंय. त्यात आता एआय कोड लिहून देतो. लिहिण्याचा वेळ जितका कमी होईल तितका दुसरा प्रश्न मोठा होईल, की आपण जे बनवतोय ते कुणाला हवंय का? चुकीची गोष्ट दुप्पट वेगानं बनवली तर नुकसानही दुप्पट वेगानं होतं.

त्यामुळं खरं शिकण्यासारखं तीन गोष्टींत आहे.

पहिली, काम तोडायला शिका. मोठ्या कामातून असा तुकडा काढायचा, की तो एकटाही कुणाच्या तरी उपयोगी पडेल. समजा गावच्या पतसंस्थेसाठी ॲप बनवताय. 'आधी सगळा डेटाबेस, मग सगळे स्क्रीन' असं केलं तर सहा महिने दाखवायला काही नाही. 'खातेदाराला आपली शिल्लक बघता आली पाहिजे' एवढंच आधी केलं तर दोन आठवड्यांत दहा खातेदारांच्या हातात काहीतरी असेल. आणि त्यातले चार जण म्हणतील, अक्षर मोठं करा, दिसत नाही. हे आठशे पानांच्या यादीत कुणी लिहिलं नसतं.

दुसरी, 'झालं' म्हणजे काय ते आधी ठरवा. माझ्या लॅपटॉपवर चालतंय म्हणजे झालं नाही. टेस्ट झालं, वापरणाऱ्यानं बघितलं, म्हणजे झालं.

तिसरी आणि सगळ्यात अवघड, स्प्रिंट संपल्यावरच्या 'रेट्रो' मीटिंगमध्ये खरं बोला आणि बोलणाऱ्याला वाचवा. तिथं कुणी सांगितलं, की हा अंदाज चुकला, आणि पुढच्या अप्रेजलमध्ये ते त्याच्यावरच उलटलं, तर त्या टीममध्ये परत कुणी तोंड उघडणार नाही. ही जबाबदारी ज्युनिअरची नाही, वर बसलेल्यांची आहे.

आणि सगळीकडे अजाईलच लावायचं असंही नाही. पुलाचे खांब अर्धे बांधून लोकांना विचारता येत नाही. ज्याच्या गरजा पक्क्या माहीत आहेत आणि जिथं एका चुकीनं जीव जाऊ शकतो, तिथं आधी बारकाईनं केलेलं प्लॅनिंगच कामाला येतं. जिथं काय हवंय हेच अजून कुणाला नीट माहीत नाही, तिथं कच्चे टाके घाला.

तुमच्या टीममध्ये खरं अजाईल चालतं की नाटक, हे ओळखायला सर्टिफिकेट लागत नाही. एकच प्रश्न विचारा : गेल्या तीन महिन्यांत वापरणाऱ्याचं ऐकून आपण ठरलेलं काय बदललं?

एक जरी गोष्ट सांगता आली तर तुमचं बरं चाललंय. काहीच आठवलं नाही, तर तुमचा शिंपी ट्रायलला बोलावतोय खरा, पण कपडा त्यानं आधीच पक्का शिवून ठेवलाय.